गेटबाहेरच्या लॉनचं काय करायचं

सेक्रेटरी: नमस्कार. गेटबाहेरच्या महापालिकेच्या पट्ट्यावरचं मेक्सिकन लॉन आपणच सांभाळतो, मार्चपासून टँकरचं पाणी त्यावर जातंय. अमृताचं म्हणणं अर्ध्या भागात आपल्याकडची गवतं आणि फुलझाडं लावू. मतं सांगा, गुड मॉर्निंगचे फोटो नकोत 🙏

देशपांडे काका: म्हणजे रान माजवायचं आणि साप बोलवायचे. त्यापेक्षा पेव्हर ब्लॉक टाका.

अमृता: काका, साप उंदरांमागे येतात आणि उंदीर आपल्या कचऱ्याच्या डब्यांमागे आहेत, आधी ते बघू. आणि फुटपाथच्या कडेची ३ फुटांची पट्टी कायम कापलेलीच राहील. पाण्याचं बघा ना, २००० स्क्वेअर फुटाला रोज ५ मिमी पाणी धरलं तरी ९०० लिटरच्या वर जातं, १० हजार लिटरचा टँकर ११ दिवसांत संपला!

स्नेहल: कासच्या पठारासारखं होईल का?? 😍

अमृता: नाही गं, कासला कातळावर इंच दोन इंच माती आणि तिथला तेरडा वगैरे दरवर्षी बियांतून येतो. आपल्याला एकदा लावलं की त्याच मुळातून दर पावसाळ्यात फुटणारं हवंय, म्हणजे मारवेल, पवन्या ही गवतं, मधे मधे कोरांटी, रानहळद, मुसळी ही फुलझाडं. पहिल्या वर्षी फार काही दिसणार नाही हे आत्ताच सांगते, मुळं खाली जाण्यातच पावसाळा जातो.

रोहन: ऑनलाइन वाइल्डफ्लॉवर मिक्स मिळतं, फेकून देऊ?

अमृता: अजिबात नको, त्यात कॉसमॉस हे फुलझाड असतं बऱ्याचदा. ते मूळचं मेक्सिकोचं, पुण्याच्या टेकड्यांवर आधीच पसरलंय.

सुलभा काकू: आणि ते कुसळी गवत लावू नका गं. गावाकडे सॉक्समधे जायची, ते कुसळ ओलं झालं की पीळ सोडत गोल फिरतं आणि टोक आत आत शिरतं, उपटून काढताना जीव जातो. मुलं खेळतात तिथे.

अमृता: बरोबर काकू, कुसळी कट 👍

सेक्रेटरी: माळीमामा म्हणतात लॉनमधली हरळी मुळासकट खणून मे च्या उन्हात वाळवली नाही तर जूनमधे सगळं झाकून टाकेल. खतही नको म्हणाले, खत घातलं की गाजरगवतच आधी उठतं.

रोहन: पण दिवाळीनंतर वाळून पिवळं पडणार ना सगळं? कोणी सिगरेट टाकली तर

अमृता: म्हणून बी गळलं की जानेवारीत कापायचं, बुडखे राहू द्यायचे, पावसात परत फुटतात. कापलेलं गवत कोणी गुरांना नेईलच.

देशपांडे काका: माझा विरोध आहेच. पण करणारच असाल तर ठळक बोर्ड लावा, नाहीतर येणारे जाणारे म्हणतील सोसायटीने लॉन वाऱ्यावर सोडलं आणि कचरा टाकायला लागतील.

अमृता: काका हे भारी सुचवलंत, बोर्ड पहिल्या दिवशीच.

सेक्रेटरी: ठीक. निम्माच भाग, खेळायची बाजू आहे तशी. उद्यान विभागाला परवानगीचं पत्र मी देतो, ते आल्याशिवाय कोणी कुदळ लावू नका. मारवेलचे ठोंब कोणाच्या गावी बांधावर असतील तर सांगून ठेवा, जूनमधे पहिला चांगला पाऊस झाला की लागतील.