सापळ्यासारखे जबडे असलेली मुंगी: ओळख पटवायला आणि घर शोधायला मदत हवी आहे

मंडळी, कुजक्या ओंडक्याखाली एक लालसर तपकिरी मुंगी सापडली. लांबी सेंटीमीटरभर, डोकं लांबट, जबडे दोन्ही बाजूंना सरळ आडवे उघडलेले, अगदी १८० अंशांत. बाटलीत घ्यायला गेलो तर जबडा झाकणावर आपटला, 'टिक्' असा आवाज आला आणि बाईसाहेब उलट्या उडून माझ्या मनगटावर! वर डंखही मारला. तासभर ठणकत होतं.

२००६ साली ओडोन्टोमॅकस गटातल्या बाउरी या मुंगीच्या जातीच्या जबड्याचा मिटण्याचा वेग मोजला होता, तो सेकंदाला ३५ ते ६४ मीटर भरला. हे वाचल्यावर ती उडी पटली. पण असेच जबडे अॅनोकीटस या दुसऱ्या गटातल्या मुंग्यांचेही असतात, आणि फोटोंत मला दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कसा ओळखायचा?

दुसरं म्हणजे, घर कसं शोधू? तीन संध्याकाळी गेलो, दर वेळी एकटीच फिरताना दिसते. रांग नाहीच. साखर ठेवली तर भलत्याच मुंग्यांची जत्रा भरली.

प्रतिसाद १: जबडे सोडा, डोक्याची मागची बाजू बघा. तिथे दोन गडद रेषा मध्यावर येऊन इंग्रजी व्ही अक्षरासारख्या मिळत असतील तर ओडोन्टोमॅकस. सलग गोलाकार कडा असेल तर अॅनोकीटस. कमरेच्या गाठीवर एकच टोकदार काटा असेल तर पहिलीकडेच झुकतं माप, पण नुसत्या काट्यावर जाऊ नका. नेमकी जात मात्र फोटोवरून कोणी छातीठोक सांगितली तर विश्वास ठेवू नका. त्यासाठी एखादी अल्कोहोलमध्ये ठेवून भिंगाखालीच बघावी लागते, आणि कुठे सापडली हेही लिहून ठेवावं लागतं.

घरासाठी साखर नको, वाळवी ठेवा. शिकार मिळाली की ती घराकडे निघते. अंतर ठेवून मागे जा.

प्रतिसाद २: हार्पेग्नॅथस नाही ना? तीही उडी मारते, पण पायांनी. डोळे टपोरे, जबडे पुढे निघालेले.

धागाकर्ता: नाही, डोळे लहान आहेत. आणि व्ही दिसला! काल वाळवी ठेवली. दहा मिनिटांत एकीने उचलली, झाडाच्या बुंध्याशी पाचोळ्यात शिरली. पाचोळा हलकेच सारला तर मातीत बोटभर भोक, आणि तोंडाशी जबडे उघडून आणखी दोघी उभ्या. मग हात मागे घेतला.