जुनी बलेनो १.६ सेडान: शॉकर आणि स्प्रिंगा कोणत्या घ्याव्या?

रामबाग_१६
गाडी २००३ ची मारुती बलेनो, १.६ पेट्रोल, १,४२,००० किमी. चारही शॉकर आणि स्प्रिंगा बहुधा मूळच्याच. एबी रोडवर (आग्रा-मुंबई महामार्ग) ९० च्या वेगात पुलाचा जॉइंट आला की नाक दोन-तीनदा डोलतं. इंदूरजवळच्या भेरूघाटात वळण संपल्यावरही मागचा भाग हलत राहतो, आणि पाच जण बसले की ब्रेकरवर मागून धडाम. शिवाय पुढे डावीकडे हळू वेगात ठकठक.

इंदूरात तीन दुकानांत तीन सल्ले मिळाले: स्प्रिंगेची एक कडी (वेटोळं) कापून टाका, जुन्याच स्प्रिंगांवर गॅस शॉकर बसवा, जाड तारेच्या स्प्रिंगा बनवून घ्या. गाडी रोज शहरात, महिन्यातून दोनदा घाटात. थोडी खाली बसली तरी चालेल. काय करावं?

सांवेररोडवाला
कडी कापण्याचा सल्ला ज्या दुकानात मिळाला तिथे परत जाऊ नका, भिया. गॅस कटरने कापली तर तिथला टेम्पर (पोलादाचा कस) जातो. ग्राइंडरने कापली तरी टोकाची बसायची कडी गेली, म्हणजे खालच्या बैठकीत स्प्रिंग नीट टेकत नाही. वर चाक लटकलं की स्प्रिंग मोकळी होते आणि परत बसताना जागा सोडते.

आता ठकठक. ती शॉकरची असेलच असं धरू नका. बॉनेट उघडून एकाला स्टीअरिंग पूर्ण इकडून तिकडे फिरवायला सांगा आणि तुम्ही स्प्रिंगेवर हात ठेवा. स्प्रिंग अडकून एकदम ‘टण्ण’ उडी मारत असेल तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलं. तसं नसेल तर लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) रबरी बुशमध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवा, बॉल जॉइंट बघा, आणि स्टॅबिलायझर बारची (दोन्ही चाकांना जोडून गाडीचा कल कमी करणारा दांडा) टोकं सोडून गल्लीत हळू एक फेरी मारा. आवाज बंद झाला तर दोष बारच्या बुशांचा किंवा लिंकचा. हे न बघता शॉकर बदलले तर पैसे जातात आणि ठकठक तशीच राहते.

कोपरा दाबून गाडी किती डोलते ते बघणं फारसं कामाचं नाही, शॉकर पूर्ण मेलेला असेल तरच कळतं. दांड्याजवळ तेलाचा ओला चिखल आणि टायरवर ठिकठिकाणी पडलेली खोलगट झीज, या खऱ्या खुणा.

मिमी_मोजा
वरच्याशी सहमत. आता स्प्रिंगेचं गणित, कारण जाड तारेच्या सल्ल्यात बरेच जण फसतात.

स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी मापं तीच ठेवून १२ मिमीच्या जागी १२.५ मिमी तार घेतली की स्प्रिंग जवळजवळ १८ टक्के कडक. अर्धा मिमी म्हणजे काहीच नाही असं दुकानदार सांगेल, त्याचं ऐकू नका.

उदाहरणाला हिशोब धरू. पुढच्या एका कोपऱ्यावर २८० किलो वजन आणि स्प्रिंग २ किलो प्रति मिमी. ती १४० मिमी दबून बसेल. १५.८ ला या १४० च्या वर्गमुळाने भागा: १.३३ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला इतक्या वेळा डोलणं, घरच्या गाडीला साजेसा आकडा. आता २.४ ची स्प्रिंग घातली तर दाब ११७ मिमी आणि १.४६ हर्ट्झ. वळणावर फरक नक्की जाणवेल, पण मोकळी लांबी (वजन नसतानाची) तीच ठेवली तर गाडी २३ मिमी वर उठेल! ‘स्पोर्टी’ स्प्रिंगा घालून गाडी बैलगाडीसारखी उंच झाली, ही तक्रार इथूनच येते. कडक स्प्रिंगेची मोकळी लांबी त्या हिशोबाने कमी करून घ्यावी लागते.

दुसरं, शॉकर स्प्रिंगेला जुळला पाहिजे. स्प्रिंग २० टक्के कडक झाली तर तिला आवरायला साधारण १० टक्के जास्त डॅम्पिंग (डोलणं थोपवणारा शॉकरचा जोर) लागतं, मुख्यतः रिबाउंडला, म्हणजे दबलेली स्प्रिंग उसळते तेव्हा. मूळ स्प्रिंगेच्या मापाचा शॉकर कडक स्प्रिंगेवर टाकला की आज आहे तसंच डोलणं नव्या पैशात परत मिळतं.

उंचीबद्दल माझं मत: मूळ उंची ठेवा, फार तर १५-२० मिमी खाली. मॅकफर्सन स्ट्रटची (शॉकर आणि स्प्रिंग एकाच खांबात) गाडी फार उतरवली की लोअर आर्म चाकाकडे वर चढतो. रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त घसरतं, आणि दिसायला खाली बसलेली गाडी वळणावर उलट जास्त कलू पाहते. शिवाय तुमच्या ब्रेकरवरच्या धडामला आणखी कमी जागा उरेल.

रामबाग_१६
उंची मोजली. सपाट फरशीवर, चारही टायरांत सारखी हवा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत: पुढे डावी ३६२, उजवी ३७१, मागे दोन्ही ३५५. मग जुन्या स्प्रिंगा चालतील का? आणि गॅस की तेलाचे?

मिमी_मोजा
पुढे ९ मिमीचा फरक आहे. डावी स्प्रिंग बसली आहे, म्हणजे थकून आखूड झाली आहे, किंवा खालची कडी तुटली आहे. खालच्या बैठकीत पावसाळ्याचा चिखल साठतो आणि तिथेच गंजून कडी मोडते, हात घालून चाचपा. मागचा आकडा सारखा असला तरी सारख्याच थकलेल्या असू शकतात. शॉकर काढलेच आहेत तर चारही स्प्रिंगा नव्या घ्या. बदल नेहमी जोडीने, एका बाजूची कधीच नाही.

सांवेररोडवाला
पार्ट मागताना ‘बलेनो’ एवढंच सांगू नका. २०१५ नंतरच्या हॅचबॅकचे शॉकर तुमच्या हातात ठेवतील. ‘जुनी सेडान’ म्हणा, चेसिस नंबर द्या, आणि दांड्याची जाडी, खालच्या दोन बोल्टांच्या भोकांचं अंतर, दबलेली आणि उघडी लांबी काउंटरवरच जुन्याशी जुळवा. देवासला गॅब्रिएलचा कारखाना आहे म्हणून या गाडीचा माल इंदूरात लगेच मिळेल असं नाही.

तयार स्प्रिंगा नाही मिळाल्या तर बनवून घेता येतात. पण नुसता नमुना टाकून येऊ नका, तुमचा नमुनाच बसलेला आहे. तारेची जाडी, बाहेरचा व्यास, एकूण कड्या, टोकांचा आकार, वळणाची दिशा आणि ‘इतक्या मिमी उंचीला इतके किलो’ असं लिहून द्या. क्रोम-व्हॅनेडियम किंवा सिलिकॉन-मँगनीजची तार, हार्डनिंग-टेम्परिंग, शॉट पीनिंग (छर्रे मारून पृष्ठभाग टणक करणं). शेवटी स्प्रिंग पूर्ण मिटेपर्यंत चार-पाचदा दाबून मोकळी लांबी परत मोजायला लावा. तिथेच बसणारी स्प्रिंग तुमच्या गाडीत नको.

घाटातला_हात
गॅस-तेलावर माझं जरा वेगळं. स्प्रिंगा मूळ कडकपणाच्या ठेवणार असाल तर साधे कमी दाबाचे ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेले) गॅस घ्या. सतत खडबडीत रस्त्यावर नुसत्या तेलात फेस होतो आणि डॅम्पिंग गळतं, गॅसच्या दाबाने ते लांबतं. जास्त दाबाचे मोनोट्यूब (एकाच नळीचे) घाटात सुंदर, पण शहरातल्या छोट्या खड्ड्यांवर कडक लागतात. रोज पलासिया-राजवाडा करणाऱ्याने ते घेऊ नयेत.

सांवेररोडवाला
मान्य. बसवताना हे बघा. ट्विन-ट्यूब आडवा पडून आलेला असतो, उभा धरून पूर्ण लांबीचे चार-पाच स्ट्रोक द्या, नाहीतर आत हवा राहून आवाज येतो. माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकर पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा तुकडा), डस्ट कव्हर, स्प्रिंगेचे रबर सगळे नवे. बंप स्टॉपचा फोम झिजून पीठ झालेला असतो. तुमच्या मागच्या धडामचं एक कारण तेही असू शकतं.

स्ट्रट आणि नकलचे (चाकाचा हब धरणारा भाग) बोल्ट सोडण्याआधी खूण करा. नाहीतर भोकांच्या ढिलाईत कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलतो. ब्रेकचा पाइप ताणून नकल लटकवू नका, तारेने बांधा. स्प्रिंग दाबायचे दोन क्लॅम्प अगदी समोरासमोर. चमकता दांडा पक्कडीत धरायचा नाही, एक ओरखडा आणि महिन्याभरात सील फाटलं. वरच्या नटावर एअरगन नको, दांडा आतून धरून पान्याने आवळायचा. स्प्रिंगेचं टोक बैठकीच्या पायरीला टेकलंच पाहिजे.

बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे कसा. लटकत्या अवस्थेत कसले तर रबर कायम पिळलेलं राहून फाटतं. मग चारही चाकांचं अलाइनमेंट करा, मागच्या चाकांचा टो (आत-बाहेर रोख) सुद्धा. ५०० किमीनंतर सगळं एकदा परत कसून उंची पुन्हा मोजा.

रामबाग_१६
एका दुकानात जुन्या शॉकरमध्ये तेल भरून देतात, नव्याच्या चौथ्या भाग पैशात. नवे येईपर्यंत तात्पुरते घातले तर?

घाटातला_हात
नको. नळी कापून परत वेल्ड केलेली, व्हॉल्व्ह तोच झिजलेला आणि तेल कोणत्या ग्रेडचं ते भरणाऱ्यालाही ठाऊक नसतं. नवे येईपर्यंत जुनेच राहू द्या, आणि तोवर घाटात मागे तिघं बसवू नका.