क्योतोहून ओहारा: आई-बाबांना घेऊन अर्ध्या दिवसात होईल का?

प्रश्न (सातारकर):
नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांसोबत चार दिवस क्योतोला आहोत. बाबांना ओहारा गाव बघायचंच आहे. आईचे गुडघे दुखतात, आणि दोघंही पक्के शाकाहारी. संझेन-इन आणि जाक्को-इन ही दोन्ही देवळं जमतील का?

डबलडेकर:
स्टेशनवरून १७ नंबरची बस थेट जाते, पण तासभर लागतो आणि पानांच्या रंगाच्या दिवसांत ती शहरातच अडकते. मेट्रोच्या कारासुमा मार्गाने शेवटच्या कोकुसाइकाइकान स्थानकाला उतरा आणि तिथून १९ नंबर घ्या. आईंना बसायला जागा मिळेल.

मंद्रसप्तक:
मी दोन वर्षं क्योतोला शिकायला होते. मन थकलं की ओहाराला जायचे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

बसथांब्यापासून संझेन-इनला जाणारी चढाची वाट एका ओढ्याच्या काठाने जाते. दोन्ही बाजूंना लोणच्यांची दुकानं आहेत. या ओढ्याचं नाव ‘र्‍यो’, आणि देवळाच्या पलीकडे दुसरा आहे तो ‘रित्सु’. ही दोन्ही जपानी स्वरश्रेणींची नावं! ओढ्यांना आपण थाटांची नावं द्यावी, तसं. कारण हे गाव शोम्योचं, म्हणजे बौद्ध मंत्रगायनाचं, जुनं पीठ. शोम्यो हा शब्दच आपल्या ‘शब्दविद्या’चं भाषांतर आहे. मी लहानपणापासून गाणं शिकलेली. हे कळलं त्या दिवशी त्या ओढ्याकाठी बराच वेळ नुसती उभी राहिले. बाबांना गाण्याची आवड असेल तर तिथे घाई करू नका.

संझेन-इनमध्ये शेवाळाच्या बागेतल्या छोट्या देवळात अमिताभ बुद्धाची मूर्ती आहे. शेजारी अवलोकितेश्वर आणि महास्थामप्राप्त हे दोन बोधिसत्त्व गुडघे टेकून, किंचित पुढे झुकून बसलेत, आता उठून तुमच्याकडे येतील असे. महास्थामप्राप्ताच्या मूर्तीच्या आत सापडलेल्या लेखात ११४८ साल आहे. माझ्यासाठी ओहारा म्हणजे ते झुकणं.

आता गुडघ्यांचं. संझेन-इनच्या दारात दगडी पायऱ्या आहेत, सावकाश चढता येतील. पण जाक्को-इन दरीच्या दुसऱ्या बाजूला, शेतांतून पंधरा-वीस मिनिटं चालून, आणि शेवटी पुन्हा उभ्या पायऱ्या. ११८५ च्या समुद्री लढाईत आपलं लेकरू, बालसम्राट आंतोकू, गमावलेली राजमाता केनरेइमोन-इन तिथे जोगीण होऊन राहिली. मुख्य मंडप २००० साली कुणीतरी लावलेल्या आगीत जळाला, आताचा नव्याने बांधलेला आहे. जागा मनाला भिडते, तरी आईंना नेऊ नका. त्याऐवजी संझेन-इनजवळच्या होसेन-इनमध्ये बसवा. सुमारे सातशे वर्षांचा पाइन वृक्ष खांबांच्या चौकटीतून दिसतो, आणि तिकिटातच माच्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) आणि गोड वडी मिळते. बाबा आणि तुम्ही तेवढ्यात जाक्को-इन करून या.

सातारकर:
फार आभार! आणि जेवणाचं?

मंद्रसप्तक:
सोबा, उदोन या नूडल्सच्या रश्शात बहुतेक ठिकाणी सुकवलेल्या माशाचं पाणी असतं, भाज्या कितीही दिसोत. मी पहिल्या महिन्यात फसले. ‘दाशी’ (रश्शाचं मूळ पाणी) कशाची, हे दर वेळी विचारा. डबा न्यायचा तर भाताचे मुटके आणि ओहाराचं लोणचं, शिबाझुके: वांगं, लाल शिसो या सुगंधी झाडाची पानं आणि मीठ. ते आंबवून जांभळं होतं. त्याचं नाव केनरेइमोन-इननेच ठेवलं असं गावकरी सांगतात. विकत घेताना मात्र ‘नामा-शिबाझुके’, म्हणजे असं नुसतं आंबवलेलं, मागा. साध्या शिबाझुकेत पुष्कळदा मसाल्यासोबत माशाचा अर्क घालतात.

आणि जमलं तर रविवारी या. सकाळी लवकर शेतकऱ्यांचा बाजार भरतो. पूर्वी या गावच्या बायका डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन क्योतोला चालत विकायला जायच्या. आता शहरातली माणसं पहाटे गाडी काढून त्यांच्याकडे मुळे आणि टोमॅटो घ्यायला येतात.