कैलास लेणं नुसत्या छिन्नी-हातोड्यानं झालं, हे मला पटत नाही

मागावरचा माणूस

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. छत्तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होतो, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा, आता घरी असतो. शिक्षण दहावी. पण यंत्र कळतं. माग बिघडला की नुसत्या आवाजावरून कुठं अडलंय ते सांगायचो. म्हणून मी जे म्हणतोय त्याला अडाण्याची बडबड म्हणू नका, एवढी विनंती.

गेल्या महिन्यात मुलगा वेरूळला घेऊन गेला. १६ नंबरचं लेणं, कैलास. बाकीचे फोटो काढत होते, मी तासभर मागच्या कड्याकडं बघत उभा होतो. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय. एक हत्ती चुकला तर दुसरा दगड आणून बसवायची सोय नाही. सगळीकडं सांगतात की दोन लाख टन दगड काढला आणि काम अठरा वर्षांत झालं. काळा पाषाण आहे तो. घरात वरवंटा हातातून फरशीवर पडला तर फरशी फुटते, वरवंट्याला काही होत नाही. असला दगड लोखंडाच्या छिन्नीनं एवढ्या वेगानं निघतो? नकाशा कुठं आहे? निघालेला दगड गेला कुठं? माझं मत असं की त्या काळी काहीतरी यंत्र, काहीतरी विद्या होती आणि ती बुडाली. परग्रहावरून कुणी आलं होतं असं मी म्हणत नाही, पण कुणी म्हटलं तर हसणारही नाही.

आजच्या बातम्यांबद्दलही माझं हेच आहे. २०२२ च्या पाडव्याला रात्री आकाशातून जळते गोळे जाताना अर्ध्या महाराष्ट्रानं बघितले. चंद्रपूरकडं लोखंडी कडं पडलं. चार दिवस बातम्या चालल्या, मग गप्प. सामान्य माणसानं विचारलं की "तुम्हाला कळणार नाही". का कळणार नाही?

टाकीचा घाव

काका, नमस्कार. वाचून राहवलं नाही. आम्ही दगडाच्या कामातले. माझे आजोबा जाती, पाटे-वरवंटे करायचे, गावोगाव फिरून त्यांना टाकी लावायचे, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीचे घाव घालून परत खरखरीत करायचे. वडिलांनी खाणीवर घण मारला. मी आता फरशीचं काम घेतो.

तुमचा वरवंटा पडून फुटत नाही, बरोबर. पण तोच दगड आजोबा मांडीजवळ घेऊन बसायचे, बोटानं चाचपायचे, कानाजवळ धरून टिचकी मारायचे. दगडाला शीर असते. शीर सापडली की चार ठिकाणी छिन्नीनं खाचा पाडायच्या, पाचर ठोकायची, की एवढा मोठा धोंडा सुपारीसारखा दोन होतो. सगळा दगड चूर करत बसावं लागत नाही, लोकांचं इथंच चुकतं. चूर फक्त खाचेपुरता निघतो, बाकीचा दगड डबर म्हणून सुटतो.

छिन्नी बोथट होते का? होते, लवकर होते. म्हणून पाथरवटाशेजारी लोहार लागतो. तो टोक तापवून काढतो, पाणी देतो म्हणजे बुडवून कडक करतो, परत हातात देतो. आजोबा दिवसात पाटा-वरवंटा पुरा करायचे तेव्हा त्यांच्याजवळ सात-आठ छिन्न्या असायच्या, एक चालू आणि बाकीच्या भात्यावर. वेरूळला भिंतीजवळ जाऊन बघा. जिथं घासून गुळगुळीत केलेलं नाही तिथं टाकीचे घाव रांगेनं दिसतात, तिरके, एका हाताच्या अंतरात. मला ते बघून रडू आलं होतं. आमच्या घरच्या पाट्यावर अगदी तसेच घाव आहेत.

आणि तुम्ही म्हणता यंत्र होतं. म्हणजे माझ्या आजोबांसारख्या माणसांनी केलं नाही. याचं वाईट वाटतं काका.

सिव्हिलवाला, होटगी रोड

हिशेब मांडू. दोन लाख टन आणि अठरा वर्षं हे दोन्ही आकडे तुमचेच धरतो. अठरा वर्षं म्हणजे साधारण ६५७० दिवस. रोजचा दगड येतो ३० टन. या दगडाचा एक घनमीटर जवळपास तीन टन भरतो, म्हणजे रोज दहा घनमीटर. अडीचशे माणसं लावली तर माणशी १२० किलो. टाकीवाल्या दादांनी सांगितलंय तसं फोडून काढलं तर हे अशक्य नाही. खड्डा सुमारे ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद आहे, मागचा कडा ३३ मीटर. एवढ्या जागेत अडीचशे माणसं एकमेकांना न अडता बसतात.

दुसरं म्हणजे, अठरा वर्षांचा आकडा कुठल्या शिलालेखात कोरलेला नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठव्या शतकाचा उत्तरार्ध, त्याच्या नावावर हे मंदिर आहे. पण काम त्याच्या आधी दंतिदुर्गाच्या वेळी सुरू झालं आणि नंतरही कित्येक वर्षं चालू राहिलं, असं अनेक अभ्यासक मानतात. मुदत वाढवली की रोजचा आकडा आणखी खाली येतो.

वरून खाली कोरण्यात एक मोठी सोय आहे. परांची बांधावी लागत नाही. शिखर कोरताना तुम्ही शिखराच्या उंचीवरच उभे असता. हे डोकं कुणाचं होतं ते बघा. यंत्रापेक्षा मला तेच मोठं वाटतं.

शेंगाचटणी

सगळं गणितानं सुटत असेल तर तेरच्या विटांचं काय ते सांगा. धाराशिवजवळ तेर, आपल्यापासून जवळ. तिथल्या जुन्या देवळांच्या विटा पाण्यावर तरंगतात. वीट तरंगते! मी काकांच्या बाजूनं आहे. आपल्या लोकांना जे येत होतं ते आता कुणाला येत नाही, आणि ते मान्य करायला शिकलेल्यांना लाज वाटते.

सिव्हिलवाला, होटगी रोड

तरंगतात, खरं आहे. मातीत तूस, भुसा असलं जळून जाणारं काही मिसळून भाजलं की ते जळतं आणि आत बारीक पोकळ्या राहतात. वीट पाण्याहून हलकी झाली की तरंगणारच. तेलंगणातल्या रामप्पा मंदिराच्या शिखरातही अशा विटा आहेत, ते १२१३ चं आहे. वरचा भार कमी करायला हलकी वीट. आज आम्ही इमारतीत हलके ब्लॉक वापरतो ते याच कारणासाठी. विद्या बुडाली नाही, तिचं रूप बदललं.

मागावरचा माणूस

टाकीवाले दादा, तुमच्या आजोबांना कमी लेखायचं माझ्या मनात नव्हतं. तसं वाटलं असेल तर माफ करा.

पण दोन प्रश्न तसेच राहिले. दगड गेला कुठं? आणि दुसरं, मुलानं मोबाईलवर दाखवलं की एका जुन्या ताम्रपटातच लिहिलंय, हे मंदिर बघून विमानातले देव थक्क झाले. विमान! हे मी लिहिलेलं नाही, त्या काळच्या माणसानं लिहिलंय. याला काय म्हणाल?

इतिहासाची बाई

मी शाळेत इतिहास शिकवते, जुळे सोलापुरात राहते. काका, तुम्ही ताम्रपटापर्यंत गेलात याचा मला मनापासून आनंद झाला. पण अर्ध्यावर थांबू नका.

तो बडोद्याचा ताम्रपट, सुमारे इ.स. ८१२ चा, राष्ट्रकूट घराण्याच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा. त्यात वर्णन असं की विमानातून जाणारे देव हे मंदिर बघून आश्चर्य करतात, हे माणसाच्या कलेतून झालेलं नाही, स्वयंभू आहे, असं त्यांना वाटतं. तुमच्या मोबाईलवर इथवरच दाखवलं असणार. पण पुढं असं आहे की ज्या कारागिरानं ते बांधलं तोही स्वतःच थक्क झाला. असं दुसरं काम आता आपल्याच्यानं होणार नाही, हे मी केलं तरी कसं, असं त्याला वाटलं. म्हणजे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की करणारा माणूस होता. काम संपवून मागं सरून बघणारा, दमलेला माणूस. मला तर त्या ओळीत त्याचा श्वास ऐकू येतो. देवांची विमानं हे काव्य आहे. कारागिराचा तो प्रश्न मात्र काम केलेल्या माणसाशिवाय कुणाला सुचणार नाही.

दगडाचं म्हणाल तर समोर सगळा उतार आहे, आणि मधे बाराशे वर्षं गेली आहेत. फोडलेला तयार दगड कुणी पडू देत नाही. आपल्या भुईकोट किल्ल्यात जुन्या देवळाचे खांब आहेतच की. हे माझं अनुमान आहे, पुरावा नाही, तेही सांगते. आणि अपुरं काम बघायचं असेल तर अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं बघा. अर्धवट सोडलेलं आहे, त्यामुळं दगड कसा टप्प्याटप्प्यानं काढत गेले ते तिथं उघडं दिसतं. यंत्र असतं तर त्याची खूण तिथं राहिली असती.

तेरचा विषय निघालाच आहे तर तुमच्या धंद्याची एक गोष्ट सांगते. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या 'पेरिप्लस' या वर्णनात तगर नावाचं गाव येतं. ते तगर म्हणजे आपलं तेर. तिथून गुजरातेतल्या भडोच बंदराला गाड्यांतून काय जायचं? कापड! साधं जाडंभरडं पुष्कळ, आणि तलमही. सोलापूरची चादर जगात जाते याचं आपल्याला कौतुक, पण आपल्या शेजारचं कापड दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होतं. ते विणणाऱ्या एकाही माणसाचं नाव आज राहिलेलं नाही. उद्या कुणी म्हणालं की एवढं कापड हातांनी होणं शक्यच नाही, तर छत्तीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाला कसं वाटेल?

शेंगाचटणी

बाई, हे बरोबर बोललात. तरी माझं म्हणणं मी मागं घेत नाही. शंका घेणाऱ्याला गप्प करू नये एवढंच.

चंद्रपूरचा जावई

पाडव्याच्या रात्रीचं मी सांगतो, सासुरवाडी तिकडंच आहे. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला ते मोठं धातूचं कडं पडलं. बातमी दाबली वगैरे काही नाही. चिनी अग्निबाणाचा तो वरचा टप्पा होता, २०२१ च्या फेब्रुवारीत सुटलेला, वर्षभर पृथ्वीभोवती फिरून खाली आला. इस्रोच्या लोकांनी येऊन तुकडे तपासले. पण काकांची एक तक्रार मला पटते. "भीतीचं कारण नाही" असं लगेच सांगतात, नेमकं काय ते महिन्यांनी, कुठंतरी आतल्या पानावर. तोवर मोबाईलवर दहा खोट्या चित्रफिती फिरून झालेल्या असतात. आता तर यंत्रानं बनवलेल्या. त्या रात्री माझ्या सासूबाई अंगणात बसून रामरक्षा म्हणत होत्या. भ्यायला झालं होतं माणसांना. त्यांना कुणीतरी दुसऱ्या दिवशी गावात येऊन सांगायला हवं होतं.

मागावरचा माणूस

कापडाचं वाचून गप्प झालो. खरं सांगतो, दोन वेळा वाचलं. आमच्या आईनं हातमागावर नऊवारी विणलेली आहे, त्यामुळं मला काय वाटेल ते मला ठाऊक आहे.

पण बाई, तुमच्यासारखं शिकवणारं भेटत नाही म्हणूनच माणूस मोबाईलवाल्याचं ऐकतो. तो निदान "तुम्हीच विचार करा" असं म्हणतो. शिकलेला माणूस आमच्याकडं बघतही नाही. जुन्या गोष्टींवर मत ठेवायला पदवी लागते का?

इतिहासाची बाई

नाही लागत. आपल्या सोलापुरातच बघा. दक्षिण सोलापूरला भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर मराठी ओळ आहे, "वाछि तो विजेया होईवा", जो वाचील तो विजयी होईल. शके ९४०, म्हणजे १०१८. ती उजेडात आणली सोलापूरच्या आनंद कुंभारांनी. ते काही विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. नोकरी सांभाळून, पदरचे पैसे घालून गावोगाव फिरले. आम्ही शाळेत श्रवणबेळगोळचं "श्री चावुण्डराजे करवियलें" हे सगळ्यात जुनं मराठी वाक्य म्हणून पाठ केलं होतं, आता त्याच्या काळावरच वाद आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. माझ्या वर्गात विचारलं, कुडलला कोण गेलंय? चाळीस मुलांत दोन हात वर झाले.

फरक पदवीचा नाही काका. कुंभारांनी आधी जाऊन बघितलं आणि मग मत मांडलं.

टाकीचा घाव

बाई, काकांनी आजच्या बातम्यांचं काढलंच आहे तर माझीही एक आहे. माझ्या मामाच्या गावात वेशीवर तीन वीरगळ होते, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. मागच्या वर्षी जत्रेच्या आधी कुणीतरी भक्तीनं त्यांना ऑइलपेंट मारला. शेंदरी आणि चंदेरी. एकाच्या खाली दोन ओळी अक्षरं होती, लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचो. आता बोटाला नुसता रंग लागतो. लोक कैलास कुणी केलं यावर रात्रभर भांडतात, आणि गावातली अक्षरं दर जत्रेला एका थराखाली जातात. मला याचा फार त्रास होतो. रंग काढता येतो का हो? मी छिन्नी लावणार नाही, भीती वाटते.

इतिहासाची बाई

छिन्नी, तारेचा ब्रश, ॲसिड यातलं काहीही लावू नका दादा. अक्षरात पीठ किंवा खडूही भरायचा नाही. आधी फोटो काढू. पुरातत्त्व खात्याकडं लेखी अर्ज देऊ, फोटो जोडून. रविवारी मी येते. कुडल वाटेवर पडत असेल तर आधी तिथं जाऊ.

मागावरचा माणूस

मीही येतो. कैलासाबद्दल माझं मत पुरतं बदललेलं नाही, तेही सांगून ठेवतो. दगड गेला कुठं, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही. पण ती तुळई आणि ते वीरगळ मला बघायचेत. माझ्याकडं गाडी आहे, चार जण बसतात. सकाळी सात वाजता निघू का?

टाकीचा घाव

नको काका, दुपारी निघू. ऊन कलल्यावर पोचलं पाहिजे, उभ्या उजेडात अक्षर दिसत नाही. आणि चांगली बॅटरी घ्या. समोरून मारायची नाही, बाजूनं तिरकी धरायची, म्हणजे रंगाखालून पण घाव उठून दिसतो.