हॅशकोड हा नोंदीचा ठसा नव्हे. तो डेटाबेसमध्ये साठवू नका

चौथा मजला:
जावा या प्रोग्रामिंग भाषेत ‘ऑब्जेक्ट्स.हॅश’ या तयार मेथडला नोंदीची सगळी फील्ड्स (रकाने) दिली की मिळणारा आकडा, म्हणजेच हॅशकोड, हा त्या नोंदीचा ठसाच, तो डेटाबेसच्या एका कॉलममध्ये ठेवावा आणि पुढे दुबार नोंदी त्यावरून ओळखाव्यात, असा सल्ला काल या मंचावर एका सदस्याने दिला. खाली बऱ्याच जणांनी त्याबद्दल आभारही मानले, म्हणून मला सविस्तर लिहिणे भाग पडले आहे.

हॅशमॅपने (किल्लीवरून नोंद पटकन शोधून देणाऱ्या, आत खण असलेल्या साठ्याने) कोणत्या खणात शोधायचे ते सांगणे, एवढेच हॅशकोडचे काम आहे. दोन वस्तू समान असतील तर त्यांचे हॅशकोड समान असलेच पाहिजेत. हॅशकोड समान आहेत म्हणून वस्तूही समान, अशी हमी मात्र जावाने कधीही दिलेली नाही. प्रोग्राम एकदा बंद करून पुन्हा चालवल्यावर तोच आकडा येईल, अशीही हमी नाही. जावाच्या अधिकृत दस्तऐवजात हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. आमच्याकडे ऑर्डरी आठ रांगांमध्ये वाटल्या जात असत आणि कोणती रांग हे ऑर्डरच्या किल्लीच्या हॅशकोडवरून ठरत असे. त्या किल्लीत पैसे भरण्याचा प्रकार सांगणारा एक ‘इनम’ (ठरावीक नावांच्या मूल्यांचा प्रकार) होता. इनमचा हॅशकोड त्याच्या नावावरून निघत नाही, तर त्या वेळी मेमरीत असलेल्या वस्तूच्या ओळखीवरून निघतो, आणि तो आपल्याला बदलताही येत नाही, कारण तो काढणारी मेथड फायनल, म्हणजे न बदलता येणारी, आहे. एकच सर्व्हर होता तोवर सगळे सुरळीत चालले. दुसरा जोडला त्या दिवसापासून एकाच ऑर्डरची ‘नोंदवली’ ही घटना एका रांगेत आणि ‘रद्द केली’ ही दुसऱ्या रांगेत पडू लागली, आणि काही ऑर्डरी नोंदवल्या जाण्याआधीच रद्द झाल्या. चूक सापडेपर्यंत आम्ही तीन रात्री जागून काढल्या, कारण एका मशीनवर केलेल्या चाचणीत ती दिसतच नव्हती.

सातपुडा:
तुमच्या तीन रात्रींबद्दल सहानुभूती आहे, परंतु एका इनमवरून तुम्ही सरसकट बंदी घालत आहात, हे मला मान्य नाही. स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, हॅशकोड कसा काढायचा याचे सूत्र जावाच्या दस्तऐवजातच दिलेले आहे: आतापर्यंतची बेरीज ३१ ने गुणायची, पुढचे अक्षर मिळवायचे आणि शेवटपर्यंत हेच करत जायचे. हे सूत्र आता कोणालाही बदलता येणार नाही. जावा ७ पासून स्ट्रिंगवर ‘स्विच’ (मूल्य पाहून वाट निवडणारी रचना) लिहिता येते, आणि कंपायलर (कोडचे यंत्रासाठी भाषांतर करणारा प्रोग्राम) त्यातल्या पर्यायांचे हॅशकोड आधीच काढून तयार होणाऱ्या क्लास फाइलमध्ये पक्के लिहून ठेवतो. उद्या सूत्र बदलले तर जगभरातल्या जुन्या क्लास फाइली चुकीच्या वाटेने जातील. म्हणजे ज्या आकड्याला तुम्ही अस्थिर म्हणता, तो खुद्द कंपायलरच साठवून ठेवतो आहे.

मी स्वतः नऊ वर्षे ग्राहक क्रमांकाच्या स्ट्रिंगचा हॅशकोड काढून, त्याला ६४ ने भागून, उरलेल्या बाकीप्रमाणे फाइली ६४ फोल्डरांत वाटत आलो आहे. एकही फाइल हरवलेली नाही. पायथन या दुसऱ्या भाषेत असे चालणार नाही, कारण तेथे ३.३ या आवृत्तीपासून स्ट्रिंगचा हॅश प्रोग्राम सुरू होताना प्रत्येक वेळी नव्या यादृच्छिक बीजापासून (सुरुवातीच्या आकड्यापासून) निघतो. पायथनचा नियम जावावर लादून नवख्यांना घाबरवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

रातराणी:
सातपुडा, सूत्र स्थिर आहे हे खरे, पण मूळ सल्ला दुबार नोंदी ओळखण्याचा होता, आणि तेथे स्थिर असूनही हा आकडा फसवतो. मी शालेय शब्दकोशाच्या कामात होते. आमच्या आधीच्या माणसाने शब्दाचा हॅशकोड हीच युनिक की (दोनदा येऊ न देणारी ओळख) केली होती. यादी तपासताना एका शिक्षिकेच्या लक्षात आले की ‘साधन’ हा शब्द कोशात नाहीच. पुन्हा भरायला गेलो तर प्रणाली म्हणे, हा शब्द आधीच आहे. ज्या नोंदीकडे ती बोट दाखवत होती, ती होती ‘सादे’.

कागदावर मांडून पाहा. ‘द’चा युनिकोडमधला, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकातला, क्रमांक २३४२ आणि एकारमात्रेचा २३७५. २३४२ गुणिले ३१ अधिक २३७५ म्हणजे ७४,९७७. आता ‘ध’ २३४३ आणि ‘न’ २३४४. २३४३ गुणिले ३१ अधिक २३४४ म्हणजे पुन्हा ७४,९७७. त्यांच्याआधी ‘सा’ सारखाच आहे, म्हणून दोन्ही पूर्ण शब्दांचा हॅशकोड ७,२६,५५,४६३ येतो. पहिले अक्षर एकाने वाढले आणि दुसरे ३१ ने कमी झाले की टक्कर, म्हणजे दोन शब्दांना एकच हॅशकोड, होणारच. देवनागरीत हे वारंवार घडते, कारण व्यंजने आणि मात्रा एकाच पट्ट्यात जवळजवळ बसलेल्या आहेत. ‘भू’ आणि ‘मण’ यांचेही तसेच आहे, दोन्ही ७५,१८९. अक्षरे अशी जवळ नसती तरीही हॅशकोडच्या ३२ बिटांत फार जागा नाही. पूर्णपणे यादृच्छिक आकडे धरले तरी साधारण ७७,००० नोंदींमध्ये एखादी टक्कर होण्याची शक्यता निम्मी होते, आणि कोश त्याहून मोठा असू शकतो.

सातपुडा:
हॅशकोडची युनिक की करा असे मी कोठेही लिहिलेले नाही. मी फोल्डर वाटण्याबद्दल बोललो, जेथे टक्कर झाली तर दोन फाइली एका फोल्डरात जातात आणि काहीही बिघडत नाही. मी न लिहिलेली वाक्ये माझ्या तोंडी घालून मग ती खोडून काढू नका.

ओसरी:
दोघांच्या भांडणात खरा दोषी सुटतो आहे, तो म्हणजे ३१. हा गुणक गुणाकार स्वस्त पडावा म्हणून सोयीचा ठरला: पाच बिटे डावीकडे सरकवायची आणि मूळ आकडा वजा करायचा. त्याहीआधी, जावा १.२ च्या पूर्वी, लांब स्ट्रिंगमधली सगळी अक्षरे घेतलीही जात नसत, मधली मधली काही निवडली जात, आणि एकसारख्या दिसणाऱ्या वेबपत्त्यांचे ढीगच्या ढीग एकाच खणात पडत. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या संमेलनात क्लिंक आणि वेल्डे या संशोधकांनी दाखवले की मुद्दाम टकरा घडवणारी नावे एका फॉर्ममध्ये भरून पाठवली तर मोठा सर्व्हरही अडकून पडतो. त्यानंतर पायथनने बीज यादृच्छिक केले आणि ३.४ मध्ये सिपहॅश (मुद्दाम टकरा घडवणे अवघड करणारी हॅश-पद्धत) आणला. जावाने सूत्र तसेच ठेवले आणि आवृत्ती ८ मध्ये हॅशमॅपच्या गर्दीच्या खणांचे झाड (लवकर शोधता येणारी फांद्यांची रचना) करण्याची सोय केली. म्हणजे छप्पर गळते म्हणून खाली बादली ठेवली.

आणि ‘ऑब्जेक्ट्स.हॅश’बद्दलही एकदा बोलायलाच हवे. प्रत्येक वेळी एक अ‍ॅरे तयार होतो, प्रत्येक इंट (साधा पूर्णांक) वस्तूच्या डब्यात भरला जातो, आणि हा खर्चिक प्रकार कोटी वेळा चालणाऱ्या लूपमध्ये आमचे नवे सहकारी निर्धास्तपणे लिहितात. मी प्रत्येक रिव्ह्यूमध्ये तेच सांगून थकलो आहे.

कऱ्हाडचा:
टकरांची एवढी चर्चा चालली आहे, पण मराठी माणसाला रोज भोवते ते याच्या अगदी उलट आहे: शब्द एकच आणि हॅशकोड दोन. माझ्या गावाचेच नाव घ्या. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठवता येतो. पहिला, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरा, साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि हलन्त. तिसरा, साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, छापले तरी सारखेच दिसतात, आणि ‘इक्वल्स’ ही समानता तपासणारी मेथड मात्र तिघांना वेगळे मानते.

एका सहकारी संस्थेच्या सभासद यादीत माझे वडील दोनदा होते. एकाच पत्त्यावर दोन माणसे, दोन्ही कऱ्हाडची, आणि लाभांश कोणाच्या खात्यावर जमा करायचा यासाठी त्यांना वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तीन हेलपाटे घालावे लागले. अर्ज दोन वेगळ्या मशीनवर टंकले गेले होते, एवढाच त्यांचा अपराध होता.

सातपुडा:
याला हॅशकोडचा दोष म्हणता येणार नाही. नॉर्मलायझेशन करून (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करून) मग साठवा, प्रश्न मिटला.

कऱ्हाडचा:
मिटत नाही, आणि तुम्ही ते करून न पाहताच लिहीत आहात. एनएफसी या युनिकोडच्या नॉर्मलायझेशन-पद्धतीने पहिले दोन प्रकार एक होतात, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते समतुल्य आहेत. तिसरा वेगळाच राहतो, कारण जोडक असलेला र हा ‘ऱ’शी समतुल्य आहे असे युनिकोड मानत नाही, जुन्या मजकुरासाठी ती दुसरी लेखनपद्धत चालू ठेवलेली आहे. तो फरक स्वतः कोड लिहूनच पुसावा लागतो. हॅश काढणाऱ्या लायब्ररीने हे आतल्या आत का करू नये?

रातराणी:
कारण त्याने प्रश्न सुटणार नाही. तिन्ही रूपे हॅशमध्ये एक केली आणि इक्वल्समध्ये वेगळी ठेवली, तर तिन्ही एकाच खणात पडतील, पण तेथेही नोंदी तीनच राहतील. इक्वल्सही बदलले, तर पासवर्डपासून फाइलच्या नावापर्यंत बाइटनिहाय तुलनेवर उभे असलेले सगळे डळमळेल. शुद्धीकरण माहिती आत येते त्या दारावरच व्हायला हवे.

कऱ्हाडचा:
दारावर कोण उभा आहे? अर्ज भरून घेणाऱ्या कारकुनाला जोडक माहीत नाही, फॉर्म बनवणाऱ्याला ‘ऱ’ माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते ‘हे आमच्या थरात येत नाही’ असे सांगतात. माझ्या वडिलांनी कोणत्या थरात अर्ज करायचा होता?

सातपुडा:
भावनेने तांत्रिक प्रश्न सुटत नाहीत.

कऱ्हाडचा:
मी तीन रूपे कोणत्या क्रमाने साठवली जातात हे लिहिले, एनएफसी कोठे थांबते हे लिहिले, आणि तुम्हाला त्यात फक्त भावना दिसली. आपण नऊ वर्षे ग्राहक क्रमांक हाताळलेत. क्रमांकात ‘ऱ’ येत नाही. ज्यांना नावे हाताळावी लागतात त्यांना शिकवण्यापूर्वी एकदा स्वतःची यादी तरी तपासा.

चौथा मजला:
दोघांनीही शब्द जरा जपून वापरावेत. मला माझ्या पहिल्या लेखनात एक दुरुस्ती करायची आहे, आणि ती मी फारशा आनंदाने करत नाही. स्विचचा मुद्दा मी विसरलो होतो. केवळ स्ट्रिंगपुरते बोलायचे तर सातपुडा यांचे बरोबर आहे: तो आकडा बदलणार नाही, आणि फोल्डर वाटण्यासाठी तो वापरायला माझी हरकत नाही. मात्र तो ऋणही येतो, आणि ॲब्सोल्यूट व्हॅल्यू घेऊनही सर्वांत लहान ऋण इंट ऋणच राहतो, त्यामुळे बाकी काढताना ‘फ्लोअरमॉड’ (बाकी ऋण येऊ न देणारी मेथड) वापरावे. ‘ऑब्जेक्ट्स.हॅश’ साठवू नये हे मात्र मी मागे घेत नाही. आज त्या क्लासमध्ये फक्त स्ट्रिंग असतील. उद्या कोणीतरी एक इनम घालेल, आणि जुने साठवलेले आकडे त्याच दिवशी निरर्थक होतील. ठसाच हवा असेल तर फील्ड्स ठरलेल्या क्रमाने बाइटमध्ये लिहून त्यावर शा-२५६ (व्यवहारात टक्कर न होणारा लांब ठसा) काढावा.

सातपुडा:
ऋण आकड्याचे मला माहीत आहे, आमच्या कोडमध्ये फ्लोअरमॉडच आहे. इनमचा मुद्दा मान्य. कालच्या सल्ल्याचे समर्थन मी तेव्हाही करत नव्हतो, हे कोणी नीट वाचले असते तर बरे झाले असते.

कऱ्हाडच्या सदस्यांसाठी: ग्राहकांच्या नावांची यादी आज दुपारी तपासली. जोडक असलेला र ३८ नावांत आहे. त्यांपैकी चार ग्राहक ‘ऱ’ असलेल्या रूपातही वेगळे नोंदलेले आहेत, त्याच पत्त्यावर. तुम्ही तो फरक पुसण्यासाठी नेमके काय बदलता ते लिहिलेत तर बरे होईल.

कऱ्हाडचा:
र, हलन्त, जोडक असा क्रम आला की त्या जागी ऱ, हलन्त ठेवतो, आणि त्यानंतर एनएफसी चालवतो. मूळ मजकूर दुसऱ्या कॉलममध्ये जसाच्या तसा राहू देतो, कारण माणसाने आपले नाव जसे दिले तसे ते कोठेतरी असले पाहिजे. त्या चार ग्राहकांना मात्र फोन करूनच विचारा; एका घरात एकाच नावाचे आजोबा आणि नातू असू शकतात.