मदत हवी आहे: डब्ल्यूएचओ ट्यूब चाचणीत कंट्रोलचेच डास मरत आहेत

डबकेशोधक
अ‍ॅनोफिलिस (हिवताप पसरवणाऱ्या) डासांवर कीटकनाशक लागू पडते का ते पाहायला डेल्टामेथ्रिन (पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक) ०.०५ टक्के कागदांची ट्यूब चाचणी सुरू आहे. अळ्या बाहेरून आणून प्रयोगशाळेत वाढवल्या आहेत. माद्या ३ ते ५ दिवसांच्या, रक्त न प्यालेल्या. ४ ट्यूब कीटकनाशकाच्या, २ कंट्रोलच्या (तुलनेसाठी, कीटकनाशक नसलेल्या), प्रत्येकीत २५ डास. १ तास कागदाशी संपर्क, मग होल्डिंग ट्यूबमध्ये (कीटकनाशक नसलेल्या, डास नुसते ठेवायच्या) २४ तास.

पहिली फेरी: ६० मिनिटांनी १०० पैकी ९६ नॉकडाउन (खाली पडलेले, उडू न शकणारे), २४ तासांनी ८७ मेलेले. कंट्रोलमध्ये एका ट्यूबमध्ये ४ आणि दुसरीत ७ मेले, म्हणजे ५० पैकी ११.
दुसरी फेरी: १०० पैकी ९१ मेलेले, कंट्रोलमध्ये ५० पैकी ६.

अ‍ॅबटचे सूत्र (कंट्रोलमधली मर वजा करणारे) लावून हे आकडे वापरता येतील का? कंट्रोलचे डास कशाने मरत असावेत? फवारणीला कोणते औषध घ्यायचे ते या निकालावर ठरणार आहे, त्यामुळे आकडा चुकलेला चालणार नाही.

काचनळी
पहिली फेरी बाद. कंट्रोलमधला मृत्युदर २२ टक्के आहे आणि २० च्या वर गेला की चाचणी टाकून द्यायची असते. सूत्रात घातले तर (८७ − २२) ÷ (१०० − २२), म्हणजे ८३.३ टक्के असे उत्तर निघेल, पण ते अहवालात लिहू नका.

दुसऱ्या फेरीत कंट्रोलचा दर १२ टक्के आहे. ५ ते २० च्या दरम्यान अ‍ॅबट लावतात: (९१ − १२) ÷ (१०० − १२) = ८९.८ टक्के. आता अडचण बघा. ९८ ते १०० म्हणजे डास संवेदनशील, ९० ते ९७ म्हणजे प्रतिकारक्षमतेचा संशय, ९० च्या खाली म्हणजे प्रतिकारक्षमता निश्चित. तुमचा कच्चा आकडा ९१ संशयाच्या गटात पडतो आणि दुरुस्त केलेला ८९.८ खालच्या. कंट्रोलमध्ये ६ ऐवजी ५ मेले असते तर उत्तर बरोबर ९०.० आले असते. एका डासाने वर्ग बदलतो, तेही कंट्रोलच्या डासाने. एवढ्या आधारावर औषध बदलणे किंवा न बदलणे, दोन्ही धोक्याचे.

अ‍ॅबटने हे सूत्र १९२५ साली मांडले ते थोडीफार नैसर्गिक मर वजा करण्यासाठी. हाताळणीतली चूक त्याने भरून निघत नाही, कारण ती चूक सगळ्या ट्यूबमध्ये सारखी नसते. तुमच्याच दोन कंट्रोल ट्यूबमध्ये ४ आणि ७ असा फरक आहे. फेरी पुन्हा घ्यावी लागेल, पण आधी कारण शोधा. कंट्रोलचे डास पहिल्या तासातच पडले की रात्रीतून मेले?

डबकेशोधक
६० मिनिटांनी कंट्रोलचे सगळे उभे होते. सकाळी मेलेले दिसले, बहुतेक तळाशी, काही ओल्या कागदाला चिकटलेले. खोलीत एसी असतो. चाचणीच्या वेळी तापमान २६ होते. रात्रीची आर्द्रता मोजलेली नाही.

काचनळी
म्हणजे कंट्रोल ट्यूबला कीटकनाशक लागलेले असण्याची शक्यता कमी. तसे असते तर पायरेथ्रॉइडने पहिल्या तासातच काहींना पाडले असते. तरीही कंट्रोलची ट्यूब एकदा जरी कीटकनाशकाच्या कागदासाठी वापरली गेली असेल तर ती कायमची लाल ठिपक्याची, म्हणजे कीटकनाशकाचीच समजा. प्लास्टिकमध्ये मुरलेले औषध साबणाने पूर्ण जात नाही. अ‍ॅस्पिरेटरही (डास ओढून घ्यायची नळी) दोन वेगळे ठेवा. डास भरताना, हलवताना, मोजताना दरवेळी कंट्रोलपासून सुरुवात करायची.

पाणकणीस
वर्णनावरून गडबड होल्डिंगमध्ये दिसते. एसीच्या हवेत डास रात्रभरात सुकतात. तापमान २७ ± २ अंश आणि आर्द्रता ७५ ± १० टक्के पूर्ण २४ तास टिकली पाहिजे. चाचणीच्या एका तासापुरती नव्हे. कमाल-किमान आकडे जपून ठेवणारा आर्द्रतामापक ट्यूबशेजारीच ठेवा, भिंतीवर टांगलेला उपयोगाचा नाही. ट्यूब झाकणाच्या मोठ्या खोक्यात उभ्या ठेवून वरून ओला, घट्ट पिळलेला टॉवेल टाकला की आर्द्रता बरीच सावरते. टॉवेल जाळीला टेकू देऊ नका, हवा कोंडते.

कागदाला चिकटलेले डास वेगळीच गोष्ट सांगतात. १० टक्के साखरपाण्याचा कापूस जाळीवर ठेवताना पिळला नाही तर थेंब आत उतरतो, कागद ओला होतो आणि डासाचे पंख चिकटतात. कापूस बोटांनी दाबल्यावर थेंब पडता कामा नये. कापूस अजिबात न ठेवणे ही त्याच्या उलट चूक. आणखी एक: खोक्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. साखरेला मुंग्या लागतात, त्या आत शिरून डास उचलून नेतात आणि मग एकूण संख्याच जुळत नाही.

आता भरणी. तोंडाच्या अ‍ॅस्पिरेटरने एका वेळी ५ ते १० डासच ओढा, जास्त ओढले की एकमेकांवर आदळून पाय तुटतात. भरल्यावर होल्डिंग ट्यूबमध्ये १ तास तसेच राहू द्या, जखमी आणि मलूल डास काढून त्यांच्या जागी नवे घाला, मगच कागदाच्या ट्यूबमध्ये सोडा. ही पायरी गाळली तर जखमी डास दुसऱ्या दिवशी कंट्रोलमध्ये मेलेले मोजले जातात. मधली सरकती पट्टी हळू ओढा, नाहीतर अर्धवट आत गेलेला डास तिथेच चिरडतो.

अळ्या दाटीत वाढल्या असतील तर डास बारके आणि अशक्त निघतात. एका मिलिलीटर पाण्याला एकापेक्षा जास्त अळी नको. खाद्य जास्त झाले की पाण्यावर साय धरते, अळ्यांना श्वास घेता येत नाही. साय दिसली की कागदाने टिपून घ्या. कोष रोजच्या रोज वेगळ्या पिंजऱ्यात टाका, नाहीतर ‘३ ते ५ दिवस’ हा नुसता अंदाज राहतो.

सुईदोरा
कागदांबद्दल कोणी बोलले नाही. लॉट क्रमांक, मुदत आणि आतापर्यंतचे वापर तपासा. एक कागद जास्तीत जास्त ६ वेळा. ४ अंशांत ठेवलेले कागद पाकीट न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर त्यावर दव धरते. कागद कमजोर झाला तर डास कमी मरतात आणि नसलेली प्रतिकारक्षमता दिसू लागते. कंट्रोलचा कागदही जोडीचाच हवा. पायरेथ्रॉइडला सिलिकॉन तेलाचा, ऑर्गॅनोफॉस्फेटला ऑलिव्ह तेलाचा. साधा फिल्टर पेपर कंट्रोल म्हणून धरता येत नाही.

कागद चांगला आहे याचा खरा पुरावा एकच: संवेदनशील प्रयोगशाळेतल्या वाणावर तोच कागद. अ‍ॅनोफिलिस गॅम्बीसाठी किसुमू, एडिस इजिप्टायसाठी रॉकफेलर हे वाण त्यासाठीच सांभाळतात. तिथे ९८ च्या खाली आले तर दोष कागदाचा किंवा हाताळणीचा आहे, मैदानी डासांचा नाही.

अळ्या एकाच डबक्यातून आणल्या का? तसे असेल तर शंभरातले बरेच एका मादीची पिल्ले असू शकतात आणि तुम्ही वस्तीऐवजी एक कुटुंब तपासलेत. अनेक डबक्यांतून थोड्या थोड्या घेऊन एकत्र करा.

डबकेशोधक
कंट्रोलचे कागद सिलिकॉन तेलाचेच आहेत, पण डबकी फक्त दोन होती. नव्या फेरीत जास्त घेतो. ती जमली आणि तरीही ९० च्या खाली आले तर पुढे काय?

सुईदोरा
मग यंत्रणा शोधायची. पहिल्या फेरीत ९६ पडले आणि १३ जगले. त्या १३ मध्ये कधीच न पडलेले फार तर ४, म्हणजे निदान ९ डास पडून पुन्हा उठले. फेरी बाद असल्याने याला निकाल म्हणता येणार नाही, पण औषध शरीरात मोडून टाकणारी एन्झाइम्स असावीत असा संशय घ्यायला जागा आहे. त्यासाठी ४ टक्के पीबीओ (पायपरोनिल ब्युटॉक्साइड, एन्झाइम्स रोखणारे रसायन) कागदावर १ तास आणि लगेच डेल्टामेथ्रिनवर १ तास. सोबत फक्त पीबीओची ट्यूब आणि नुसत्या तेलाची ट्यूब, दोन्ही कंट्रोल हवेत. पीबीओ मुख्यतः पी४५० एन्झाइम्स (कीटकनाशक मोडणाऱ्यांतला एक गट) रोखते. त्याने मृत्युदर ९८ च्या वर गेला तर कारण बहुतांशी तिथेच आहे. वाढला पण तिथवर पोचला नाही, तर सोबत केडीआर उत्परिवर्तनही (पायरेथ्रॉइड जिथे काम करते त्या चेतापेशींच्या जागेतला जनुकीय बदल) असू शकते. अ‍ॅनोफिलिसमध्ये त्याचे एल१०१४एफ आणि एल१०१४एस हे प्रकार तपासतात. प्रतिकारक्षमता किती तीव्र आहे ते ५ पट आणि १० पट मात्रेच्या कागदांवर कळते.

मेलेले आणि जगलेले डास वेगवेगळ्या नळ्यांत, सिलिका जेलवर, मध्ये कापसाचा बोळा घालून ठेवा. लेबल पेन्सिलने, शाई अल्कोहोलने पुसली जाते. प्रजातीही यांच्यावरूनच पक्की करा. दोन प्रजाती मिसळल्या असतील तर ८९.८ हा आकडा कोणाचाच नसतो.

डबकेशोधक
शेवटचा प्रश्न. २४ तासांनी काही डासांचे दोन-तीन पाय गेलेले असतात, पण ते हलतात. ते कोणत्या रकान्यात?

काचनळी
पाय मोजू नका, उड्डाण बघा. ट्यूबवर हलकी टिचकी मारा. उडू शकला तर जिवंत, पाय कितीही उरलेले असोत. पाठीवर पडून नुसता वळवळत असेल किंवा उभे राहण्याच्या धडपडीत कोलमडत असेल तर मेलेला धरायचा. हाच निकष कंट्रोललाही लावा, आणि शक्यतो सगळ्या ट्यूब एकाच माणसाने मोजाव्यात.