टॉवेल फेकला, पण कोणी?

प्रश्न : भाषांतरात 'शी फायनली थ्र्यू इन द टॉवेल' असं वाक्य आलंय. तोट्यातलं दुकान रेटणारी बाई आहे. 'तिने हार मानली' फार मिळमिळीत वाटतं. 'नांगी टाकली' चालेल का? पुढे 'टॅप आउट', 'से अंकल' आणि 'टेक द एल'ही आहेत.

उत्तर : नांगी नको. त्यात भित्रेपणाची छटा आहे, आणि ही बाई तर शेवटपर्यंत झुंजलेली दिसते. दुकानच बंद करत असेल तर सरळ 'गाशा गुंडाळला' लिहा. गाशा म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं कापड, त्यामुळे कापडाला कापडही मिळालं!

हा टॉवेल मुष्टियुद्धातला. आधी स्पंज होता. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये 'चक अप द स्पंज' म्हणत. लढवय्याचं तोंड पुसायचा स्पंज त्याचा कोपऱ्यातला साथीदार वर भिरकावायचा, की लढत संपली. म्हणजे मुळात हार लढणारा मानत नाही, त्याची माणसं मानतात. १ ऑक्टोबर १९७५ला फिलिपिन्समध्ये मनिलाजवळ मुहम्मद अली आणि जो फ्रेझर या मुष्टियोद्ध्यांच्या लढतीत चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरचा प्रशिक्षक एडी फच याने त्याला पुढे सोडलंच नाही. फ्रेझरला लढायचं होतं. तिथे टॉवेल उडाला नव्हता, पण न्याय तोच. रोजच्या इंग्रजीत मात्र आता ज्याचा त्यानेच टॉवेल टाकला तरी चालतं.

'टॅप आउट' याच्या उलट. जुडो किंवा मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये हात पिरगळला गेला, गळा आवळला गेला, की सापडलेला स्वतःच प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर नाहीतर मॅटवर थापट्या मारतो. त्यात लाज नाही. न मारणाऱ्याचं हाड मोडतं. बोलण्यात 'बास, माझ्याने होणार नाही' हे जवळचं. एक खाचखळगा सांगून ठेवतो : 'आय अ‍ॅम टॅप्ड आउट' असं असेल तर माणूस बहुधा हरलेला नसतो, त्याचा खिसा रिकामा झालेला असतो.

दुसरं उत्तर : 'से अंकल' अमेरिकन पोरांचं. एकाने दुसऱ्याला खाली पाडून हात मुरगाळायचा आणि 'अंकल' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. काकाच का, याच्या कथा पुष्कळ आहेत, पुरावा कशालाच धड नाही. भाषांतरात काका-मामा आणू नका, वाचक पेशवाईत जाईल. 'बोल, हरलो!' पुरे. 'दाती तृण धरलं' अर्थाला चपखल आहे, पण शाळेच्या मैदानावर शोभणार नाही. आपलं 'टाइम प्लीज'ही इथे नको, तो तह आहे, शरणागती नव्हे.

'एल' म्हणजे 'लॉस'. खेळांच्या गुणतक्त्यात जिंकलेल्यांचा रकाना डब्ल्यूचा, हरलेल्यांचा एलचा. 'टेक द एल' म्हणजे हरलास, आता कुरकुर नको. 'हरलास ना? मग गप बस' असं काहीतरी करा.

प्रश्नकर्ता : आभार. दुकान बंद नाही होत, ती भावाला चालवायला देते. मग गाशा कसा चालेल?

उत्तर : मग नाही चालणार. 'शेवटी तिने हात टेकले' करा. त्यात थकवा आहे, वैताग आहे, पण पळ काढल्याचा आरोप नाही.